बर्कलीचा ससाण्यांचा कॅम बघताय का कोणी? आणि लेकीला पुढचं बघू द्यावं का?

सायली_फ्रीमॉन्ट
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. गेला महिनाभर आमच्या घरी टीव्हीवर दुसरं काही लागलेलंच नाहीये, सकाळ-संध्याकाळ बर्कलीचा ससाण्यांचा कॅम, म्हणजे घरट्यावरचा लाइव्ह कॅमेरा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या आवारात कॅम्पनीली नावाचा ३०७ फुटी घंटांचा मनोरा आहे, त्यावर २०१७ पासून पेरेग्रिन फाल्कन, म्हणजे आपला बहिरी ससाणा, घरटं करतोय. घरटं म्हणजे काड्याबिड्या काही नाही, ट्रेमध्ये पसरलेली बारीक खडी, तीच पायांनी उकरून खळगा करायचा आणि त्यात अंडी घालायची. २०१९ पासून तिथे कॅमेरे आहेत. मादीचं नाव ॲनी, ती पहिल्यापासून आहे. नर आर्ची, तो या वर्षीच, म्हणजे २०२४ मध्ये आलाय. यंदा चार पिल्लं, त्यांची नावं ऑरोरा, इक्लिप्स, इक्विनॉक्स आणि सोल (एप्रिलमध्ये सूर्यग्रहण झालं ना, म्हणून अशी).

माझी लेक सात वर्षांची आहे. पिल्लं पांढऱ्या कापसाच्या बोंडाएवढी होती तेव्हापासून ती बघतेय. चौघांची चित्रं काढून फ्रिजवर लावलीयत. आई पुण्याहून बघते, तिथे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा इथे सकाळचे साडेसहा, म्हणजे पिल्लांची न्याहारी. देवाजवळ दिवा लावते आणि आयपॅड घेऊन बसते, मग मला मेसेज, "त्या कडेच्या पिल्लाला आज कमी मिळालं गं".

आता प्रश्न. अजून दोनेक आठवड्यांत ही पिल्लं उडतील. मी वाचत बसले तर कळलं की बहिरी ससाण्याची निम्म्याहून जास्त पिल्लं पहिल्या वर्षातच जातात. याच मनोऱ्यावरच्या २०१७ च्या दोन पिल्लांची नावं फिआट आणि लक्स होती, त्यातलं लक्स उडायला लागल्यावर कॅम्पसमधल्याच एका इमारतीवर आपटून गेलं. हे वाचल्यापासून माझ्या पोटात गोळा आलाय. नवरा म्हणतो आत्ताच बंद करू, सगळी उडून गेली असं सांगू आणि विषय संपवू. मला ते पटत नाहीये पण उद्या त्यातलं एक गेलं आणि हिनं विचारलं तर काय सांगू तेही सुचत नाही. तुम्ही असतात तर काय केलं असतं?

पक्षीवेडा_सातारा
बघू द्या. बिनधास्त.

मृण्मयी०९
मी नाही म्हणेन. आमच्या बाल्कनीत कुंडीत होल्यानं अंडी घातली होती, मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. रोज शाळेतून आला की आधी दप्तर फेकून कुंडी. एक दिवस त्याच्या डोळ्यांदेखत कावळ्यानं पिल्लू उचललं. दोन दिवस जेवला नाही, रात्री उठून रडायचा, आणि मुख्य म्हणजे मला म्हणाला तू घरात होतीस मग तू का नाही वाचवलंस. त्याला मी काय सांगणार होते? सात वर्षं हे वय लहान आहे गं. तुझा नवरा म्हणतोय ते मला चूक वाटत नाही.

ठाणेकर_संदीप
मूळ प्रश्नावर नंतर येतो. आधी हे सांगा, हे ससाणे कबुतरं खातात का? खात असतील तर एक जोडी आमच्या सोसायटीला पाठवा, मेंटेनन्स माफ करतो, टेरेसची चावी पण देतो.

सायली_फ्रीमॉन्ट
@संदीप खातात तर काय, कबुतरं आणि होले हेच मुख्य. बाप पकडून आणतो, बरेचदा डोकं आधीच उडवलेलं असतं, मग ॲनी पिसं उपटते, कॅमेऱ्यावर नुसता पिसांचा पाऊस. आईला पहिल्यांदा बघवलं नाही, ती म्हणाली काय गं हे सात वाजता. आता तीच म्हणते "आज मोठं आणलं हो त्यानं, चौघांना पुरेल".

@मृण्मयी तुझं वाचून अजूनच घाबरले. पण तुझ्या मुलानं विचारलं तोच प्रश्न माझ्या डोक्यात आहे.

अदिती_ओकलंड
अगं मी २०२१ पासून हा कॅम बघतेय, त्यामुळे मोठी पोस्ट होणार, माफ करा.

ॲनीचा पहिला नर ग्रिनेल. दोघांची नावं बर्कलीच्या प्राणिसंग्रहालयावरून, म्हणजे पिंजऱ्यांचं नव्हे, अभ्यासासाठी नमुने ठेवतात ते. ॲनी अलेक्झांडर यांनी ते १९०८ मध्ये सुरू केलं आणि जोसेफ ग्रिनेल तिथले पहिले संचालक. तर हा ग्रिनेल ऑक्टोबर २०२१ मध्ये दुसऱ्या ससाण्यांशी झालेल्या मारामारीत जबर जखमी झाला, वॉलनट क्रीकच्या लिंडसे वन्यजीव रुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले, नोव्हेंबरमध्ये सोडला, आणि तो परत मनोऱ्यावर आला. मग फेब्रुवारीत ॲनीच गायब झाली. आठवडाभर नाही म्हटल्यावर सगळ्यांनी आशा सोडली होती, आणि १ मार्चला बाई कॅमेऱ्यासमोर येऊन उभ्या. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते आणि तिथेच रडले.

३१ मार्च २०२२ ला ग्रिनेल गेला. बर्कलीच्या डाउनटाउनमध्ये सापडला, बहुतेक गाडीची धडक. घरट्यात अंडी होती. एकट्या मादीला अंडी उबवणं आणि शिकार दोन्ही जमणं कठीण, आम्हाला वाटलं गेलं सगळं. तर त्याच दिवशी काही तासांत एक नवीन नर आला, एका पायानं लंगडा. त्यानं ॲनीला शिकार आणून दिली आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्याच्या अंड्यांवर बसायला लागला. त्याचं नाव आल्डन ठेवलं. त्या वर्षी दोन पिल्लं मोठी झाली, एकाचं नाव ग्रिनेल ज्युनिअर आणि दुसऱ्याचं लिंडसे, त्या रुग्णालयाच्या नावानं. आल्डन दिसेनासा झाला, मग २०२३ मध्ये लू, आणि आता आर्ची.

माझा भाचा तेव्हा आठ वर्षांचा होता, त्यानं हे सगळं पाहिलं. ग्रिनेलसाठी तो रडला, खूप रडला. पण आल्डन पहिल्यांदा अंड्यांवर नीट बसला, आधी पायाच्या मुठी मिटून घेतल्या, नख लागू नये म्हणून, तेव्हा त्यानं मला हाक मारून दाखवलं. ते मी विसरणार नाही. मी म्हणेन बघू दे.

विवेक_पुणे
अदिती, सगळं खरं, पण एक खटकलं. त्याच दिवशी दुसरा नर आणि ॲनीनं स्वीकारलाही, म्हणजे तिला काहीच वाटलं नाही का? आपण त्यांना नवरा बायको म्हणतो, पाच वर्षांचा संसार म्हणतो, पण ते तसं नसतंच. मुलांना हे नातं माणसासारखं सांगितलं की मग असा धक्का बसतो. पक्षी म्हणूनच सांगा ना.

अदिती_ओकलंड
तिला काय वाटलं ते मला नाही सांगता येणार. पण तिच्यासमोर अंडी होती आणि ती थंड पडली की संपलं. तिला थांबायला वेळ नव्हता एवढं मात्र मी बघितलं.

नानाकाका_वाई
चर्चा वाचतो आहे. माझं वय बहात्तर, नातीनं हे ॲप लावून दिलं आहे, टायपिंग सावकाश होतं तेव्हा सांभाळून घ्या.

आमच्या लहानपणी गावात डीडीटी, म्हणजे कीटकनाशक, मारणारे यायचे. पाठीवर पंप, घरातली सगळी भांडीकुंडी अंगणात काढायची, आणि ते भिंती पांढऱ्या करून जायचे. दारावर तारीख लिहायचे. आम्ही पोरं त्या वासात खेळायचो. हिवताप कमी झाला हे खरं, माझा एक चुलता हिवतापानं गेला होता त्यामुळे त्या लोकांना घरात चहा मिळायचा. पुढे कृषी खात्यात नोकरीला लागलो तेव्हा याची दुसरी बाजू शिकलो. शेतात मारलेलं औषध किड्यात, किडे खाणाऱ्या पाखरात, आणि ती पाखरं खाणाऱ्या ससाण्यात, असं वर वर साठत जातं. ससाणा लगेच मरत नाही. त्याच्या अंड्याचं कवच पातळ होतं आणि आई उबवायला बसली की तिच्याच वजनानं अंडं फुटतं. इंग्लंडात रॅटक्लिफ नावाच्या शास्त्रज्ञानं संग्रहातली जुनी अंडी आणि नवी अंडी ताडून पाहून १९६७ मध्ये हे दाखवून दिलं. हौशी लोकांनी अंडी चोरून जमवलेली, त्यांचा असा उपयोग झाला.

सायलीताई, तुम्ही राहता त्या कॅलिफोर्नियात १९७० मध्ये घरटी करणाऱ्या फक्त दोन जोड्या सापडल्या होत्या. दोन. १९७२ ला तिकडे डीडीटी बंद झालं, पातळ कवचाची अंडी लोकांनी कड्यांवर दोर लावून उतरून आणली, तिथे खोटी अंडी ठेवली, खरी यंत्रात उबवली आणि पिल्लं परत नेऊन ठेवली. १९९९ मध्ये हा पक्षी तिकडच्या धोक्यातल्या यादीतून बाहेर आला. आपल्याकडे शेतीतलं डीडीटी १९८९ ला बंद झालं, हिवतापासाठी मात्र चालू राहिलं.

तुमच्या मुलीला एक पिल्लू गेल्याचं दुःख होईल, होऊ द्या. पण चार दिसताहेत हे कशामुळे, तेही तिला सांगा.

पक्षीवेडा_सातारा
नाना, दंडवत. याच मनोऱ्यावरच्या २०१९ च्या दोन पिल्लांची नावं कार्सन आणि केड होती. रेचल कार्सन, जिनं डीडीटीविरुद्ध लिहिलं, आणि टॉम केड, ज्यानं पिंजऱ्यात ससाणे वाढवून परत सोडायचं काम उभं केलं.

चिपळूणकरीण
मला एक बाळबोध शंका आहे. याला बहिरी का म्हणतात? ऐकू येत नाही म्हणून? शेजारी एवढ्या मोठ्या घंटा वाजतात आणि तो ढिम्म, म्हणून विचारलं 😀

रानवाटा
नाही हो ताई, कान एकदम ठणठणीत! बहिरी हा शब्द शिकारी पक्षी पाळणाऱ्यांच्या बोलीतून आलाय, फारसी बहरी. मादीला बहरी म्हणायचे आणि नराला बहरी बच्चा, कारण नर मादीपेक्षा साधारण एक तृतीयांशानं लहान. कॅमवर पण ओळखायची तीच खूण, मोठी दिसली की ॲनी. घंटांचं म्हणाल तर तिथे ६१ घंटा आहेत, पण ही पिल्लं अंड्यात असल्यापासून त्या ऐकताहेत, त्यांना काय त्याचं.

आणि मंडळी, हा काही परदेशी पाहुणा नाही. आपल्या सह्याद्रीत याचा सख्खा भाऊबंद राहतो, शाहीन. अंगानं थोडा लहान, पाठ जास्त काळी, पोट तांबूस. मी पहिला शाहीन पाहिला हरिश्चंद्रगडावर, कोकणकड्याच्या टोकाला पालथा पडून खाली बघत होतो, पाकोळ्यांचा थवा चालला होता, आणि माझ्या खालून, म्हणजे पाठ दिसतेय त्याची, असा एक गेला. आवाज आधी ऐकू आला, चादर फाडावी तसा. पाकोळ्या विखुरल्या, त्याच्या हाती काही लागलं नाही, तो वळून कड्यात शिरला. अख्खा प्रकार चार सेकंदांचा. ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो हे पुस्तकात वाचलं होतं, पण वरून बघताना पोटात खड्डा पडतो. हिवाळ्यात उत्तरेकडचे बहिरी पण येतात, मुंबई पुण्यात टॉवरवर, खाडीकाठी दिसतात.

ठाणेकर_संदीप
कुठल्या कड्यात शिरला? घरटं असेल तर पुढच्या रविवारी कॅमेरा घेऊन जातो.

रानवाटा
संदीपभाऊ राग मानू नका, पण ते नाही सांगणार. घरट्याची जागा कुणालाच नाही सांगत. चार जण लेन्स घेऊन कड्यावर बसले की मादी अंड्यांवरून उठते, आणि आपल्या उन्हात कड्याचा दगड असा तापतो की थोड्या वेळात अंडं गेलंच.

ठाणेकर_संदीप
राग कसला, मुद्दा बरोबर आहे. नाही जात. कॅमच बघतो.

निनाद_मेलबर्न
इथे मेलबर्नला पण आहे असा कॅम, कॉलिन्स स्ट्रीटवर ३६७ नंबरची इमारत, ३३ वा मजला. तिथे नव्वदीच्या सुरुवातीपासून ससाणे आहेत. आमच्याकडे ऋतू उलटे, अंडी ऑगस्टच्या शेवटाला आणि पिल्लं नवरात्राच्या आसपास. ज्यांचा बर्कलीचा सीझन जूनमध्ये संपेल त्यांनी तेव्हा इकडे या, वर्षात दोनदा पिल्लं बघता येतात.

आमच्या ऑफिसातली अर्धी मंडळी बघतात. पिल्लं जरा मोठी झाली की शी करताना काठाकडे पाठ करतात, शेपूट वर, आणि पिचकारी. भिंत पांढरी. माझी दोन्ही पोरं या एका क्षणासाठी तासभर बसतात.

मूळ प्रश्नाबद्दल. एका वर्षी आमच्याकडे एक पिल्लू दोन दिवस मागे मागे राहत होतं आणि मग एका सकाळी उठलंच नाही. आई त्याला पण भरवायला गेली, चोच समोर धरली, थांबली, मग दुसऱ्याला दिलं. धाकट्यानं विचारलं तिला कळलं का. मी म्हटलं मला माहीत नाही. तो बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला उद्या पण बघूया. एवढंच. मी काही समजावलं नाही, मला समजावता आलंच नसतं.

मृण्मयी०९
निनाद, तुझं वाचून डोळ्यात पाणी आलं. पण माझा मुद्दा अजून तिथेच आहे. कॅमेरा माणसानं लावला, खडीचा ट्रे माणसानं ठेवला, नावं माणसानं दिली, मग पिल्लू मरताना मात्र "निसर्ग आहे" म्हणून हात बांधून बसायचं? मुलांना हेच कळत नाही. मला पण कळत नाही.

पक्षीवेडा_सातारा
मृण्मयी, हात बांधून कुठे? पहिल्याच वर्षी ॲनीनं अंडी मनोऱ्यावर पडलेल्या वाळूच्या पोत्यावर घातली होती, गडगडून गेली असती, तेव्हाच तर तो ट्रे आणून ठेवला. पिल्लं तीनेक आठवड्यांची झाली की जाणकार येऊन पायात कडी घालतात. आणि उडायच्या आठवड्यात खाली दुर्बिणी लावून स्वयंसेवक उभे असतात, एखादं पिल्लू जमिनीवर उतरलं आणि गाड्यांच्या मध्ये सापडलं तर उचलून परत उंचावर ठेवतात. माणसाच्या वस्तूंमुळे, म्हणजे काचा, गाड्या, यांच्यामुळे जो धोका आहे तिथे मदत. भूक, कमजोर पिल्लू, दुसऱ्या ससाण्याशी भांडण, यात नाही. मला ही रेषा बरोबर वाटते.

मृण्मयी०९
काचेला लागून पिल्लू गेलं तर ती आपलीच काच ना. हं. हे मी मुलाला सांगू शकले असते, त्या कावळ्याच्या वेळी सांगायला काहीच नव्हतं, कावळ्याला पण पिल्लं असतील एवढंच सुचलं आणि ते त्याला अजिबात आवडलं नाही.

अदिती_ओकलंड
सायली, लक्सचं सांगितलंस तर लेकीला लॅरीचं पण सांग. २०१८ ची तीन पिल्लं होती बर्केलियम, कॅलिफोर्नियम आणि लॉरेन्सियम, बर्कलीत सापडलेल्या मूलद्रव्यांची नावं. त्यातली लॉरेन्सियम, लाडानं लॅरी, पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत अल्काट्राझ बेटावर सापडली. पायातल्या कडीवरचे आकडे वाचून ओळखली. तिनं तिथे घरटं केलं, पिल्लं वाढवली.

चिपळूणकरीण
जुन्या तुरुंगाच्या बेटावर माहेरवाशीण 😀 ॲनी आजी झाली म्हणायची.

विवेक_पुणे
मी वर माणसासारखं बघू नका म्हटलं होतं. आज सकाळी साडेआठला कॅम लावला, तिकडे रात्रीचे आठ, उजेड जात होता. चार पिल्लं एकमेकांच्या अंगावर ढिगासारखी झोपलेली, कापसातून तपकिरी पिसं निघालेली, त्यामुळे अर्धी म्हातारी अर्धी बाळं अशी दिसत होती. ऑफिसला उशीर झाला. अदिती, माझे शब्द मागे घेतो असं नाही, पण थोडे सैल करतो.

सायली_फ्रीमॉन्ट
सगळ्यांचे मनापासून आभार, प्रत्येकाचं वाचलं, आईला पण फोनवर वाचून दाखवलं. नानाकाका, डीडीटीच्या फवाऱ्याचं ऐकून ती म्हणाली आमच्या वाड्यात पण यायचे, दारावरची तारीख तिला अजून आठवते.

काय झालं ते सांगते. मी लेकीला सगळं सांगितलं. निम्म्याहून जास्त जातात हेही सांगितलं. तिनं आधी बोटं मोजली, चारातली दोन, आणि मग विचारलं "कोणती दोन?" मी म्हटलं ते कुणालाच माहीत नसतं. ती उठून गेली. मला वाटलं रडायला गेली, तर फ्रिजवरची चित्रं काढून आणली आणि प्रत्येकाच्या पायात कडी काढत बसली. म्हणाली लॅरीसारखी ओळखता आली पाहिजेत.

काल शनिवारी आम्ही बर्कलीला गेलो. मनोऱ्याच्या जवळच्या हिरवळीवर लोक दुर्बिणी लावून बसले होते, एका आजीबाईंनी आपली खुर्ची ओढून लेकीला उभं राहायला दिलं आणि दुर्बीण तिच्या डोळ्याच्या उंचीला आणली. वर कठड्यावर एक पिल्लू चढलं होतं, वारा तोंडावर घेऊन पंख मारत होतं, पाय सुटायचे, परत धरायचं. कोणतं ते खालून कळत नव्हतं. तासभर असंच. ॲनी समोरून पायात काहीतरी धरून गेली, अगदी पिल्लाच्या नाकासमोरून, आणि दिलं नाही. पिल्लू ओरडत राहिलं. नवरा म्हणाला अरे दे की त्याला. लेकीनं दुर्बिणीतून डोळा न काढता सांगितलं, "बाबा, ती त्याला बोलावतेय."

आम्ही होतो तोवर ते उडालं नाही. घरी आल्यावर कॅम लावला तेव्हा ट्रे रिकामा, खडीवर नुसती पिसं. मग काठाच्या पलीकडून ओरडणं ऐकू आलं, कॅमेऱ्यात दिसत नव्हतं कुणी, पण आवाज होता. लेक जमिनीवर उशी टाकून बसलीय. पुण्याहून आईचाही मेसेज आला, "दिसत नाहीयेत, पण आहेत गं तिथेच."

ठाणेकर_संदीप
कोणी उडालं की लगेच टाका इथे. जागा आहे.